शाळेत राहून गेलेला धडा : अन्न येते कोठून?

डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस आले, की पुण्या-मुंबईची कितीतरी कुटुंबे रविवारची सकाळ गाठून शेताकडे निघतात. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कोवळी कणसे तळहातावर चोळून गरमागरम दाणे समोर येतात. जोडीला शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. बैलगाडीची एक फेरी होते, छायाचित्रे निघतात आणि दिवस कलता कलता मंडळी घरी परततात. मुलांचाही दिवस मजेत जातो. मात्र हा हुरडा कशाचा, असे दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एखाद्याला विचारले, तर तो गोंधळात पडण्याचीच शक्यता अधिक. घरच्या ताटातील भाकरी ज्या ज्वारीची, त्याच ज्वारीचा भरत आलेला पण अजून हिरवा असलेला दाणा म्हणजे हुरडा, हा दुवा त्याला कोणी जोडून दिलेला नसतो. शेतात जाऊन, शेतातले खाऊनही शेती त्याच्यापासून दूरच राहिलेली असते.

यात मुलाचा दोष नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील सुमारे ४५ टक्के लोकसंख्या शहरी होती. दोन पिढ्यांपूर्वी शहरात नोकरीसाठी आलेल्या माणसाचे मूळ गावात घट्ट रुतलेले असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले आजोळी जात; गावाकडून धान्याचे पोते, आंब्याची पेटी येई. चाळीतल्या दोन खोल्यांतही वर्षाचे धान्य भरले जाई आणि ते निवडणे, त्याला ऊन दाखवणे या कामांत घरातील लहान मुले आपसूक ओढली जात. तांदळात खडे निघतात, डाळीला कीड लागते, नवा तांदूळ आणि जुना तांदूळ वेगळा शिजतो, हे कोणाला शिकवावे लागत नसे. आता पीठ पिशवीतून येते, भाजी निवडून-चिरून मिळते आणि फोनवरून मागवलेला जिन्नस काही मिनिटांत दारात पोहोचतो. अन्नाचा घरापर्यंतचा प्रवास जितका सोपा झाला, तितकाच तो नजरेआडही गेला.

असे केवळ आपल्याकडेच झाले आहे, असे नाही. ब्रिटिश न्यूट्रिशन फाउंडेशन या संस्थेने २०१३ मध्ये सुमारे २७ हजार ५०० शाळकरी मुलांची पाहणी केली, तेव्हा प्राथमिक शाळेतील जवळजवळ एकतृतीयांश मुलांना चीज वनस्पतीपासून मिळते असे वाटत असल्याचे आढळले. अशा बातम्या वाचून हसू येते. तथापि हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आजची मुले उद्याचे ग्राहक आहेत, मतदार आहेत आणि त्यांतील काही जण अधिकारी व धोरणकर्तेही होणार आहेत. कांदा महागला की काय करावे, धरणातील पाणी शहराला किती आणि शेताला किती द्यावे, या प्रश्नांवर त्यांनाच मत द्यायचे आहे. ज्याने एकही पीक उगवताना पाहिलेले नाही, तो हे मत कशाच्या आधारावर बनवणार?

नाव माहीत असणे आणि पीक माहीत असणे

शालेय पाठ्यपुस्तकांत शेती नाही, असे म्हणता येणार नाही. खरीप आणि रब्बी हे हंगाम त्यांत असतात, मृदेचे प्रकार असतात, जिल्हावार पिकांचे नकाशे असतात. ‘जळगाव – केळी’, ‘नागपूर – संत्री’, ‘नाशिक – द्राक्षे’ अशा जोड्या लावून विद्यार्थी गुणही मिळवतात. पण अन्न कोठून येते या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या नावाने पुरे होत नाही. शेतीत तीन गोष्टी अशा आहेत, ज्या नकाशावर दाखवता येत नाहीत : काळ, श्रम आणि जोखीम. या तिन्ही गोष्टी कळल्या म्हणजे शेती कळू लागली, असे समजावे.

रोजच्या स्वयंपाकातील कांद्याचेच उदाहरण घेता येईल. उन्हाळ कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गादीवाफ्यावर टाकले जाते. सहा-सात आठवडे रोपे वाढवून डिसेंबर-जानेवारीत त्यांची लागवड होते. हे काम हातानेच करायचे असते. वाकून, एकेक रोप बोटाने मातीत दाबत, वीतभरापेक्षाही कमी अंतरावर. लावणीचे आणि पुढच्या खुरपणीचे बहुतेक काम स्त्रिया करतात. मार्च-एप्रिलमध्ये पातीच्या माना पडू लागल्या, की कांदा काढणीला आला असे समजतात. काढलेला कांदा शेतातच पातीसह सुकवायचा, मग पात कापायची, प्रतवारी करायची आणि हवेशीर कांदा चाळीत साठवायचा. देशातील कांद्याच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा या रब्बी हंगामातून येतो आणि पावसाळाभर तोच कांदा शहरांना पुरतो. म्हणजे सप्टेंबरात फोडणीला पडलेल्या कांद्याचे बी जवळजवळ वर्षभरापूर्वी मातीत गेलेले असते.

या वर्षभरात काय काय होऊ शकते? रोपे मर रोगाने जातात. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस किंवा गारपीट येते. चाळीतला कांदा सडतो, त्याला कोंब फुटतात, वजन घटते. या सर्वांतून तो वाचला तरी भाव हाती नसतो. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातीवर बंदी घातली. ही बंदी ४ मे २०२४ रोजी उठली, तरी शुल्क राहिलेच. ते सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे रद्द झाले. शहरातील ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, हा अशा निर्णयांमागील हेतू. त्याचा भार कोणावर पडतो, हा लासलगावच्या बाजार आवारात उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न. या दोन्ही बाजू नववी-दहावीच्या वर्गात समोरासमोर मांडता येतात. त्यातून विद्यार्थ्याने अमुक एका बाजूचे व्हावे, अशी अपेक्षा नाही. किलोभर कांद्याच्या भावात दोन माणसांचे हितसंबंध गुंतलेले असतात, एवढे त्याला दिसले तरी खूप झाले.

या भावाची वाटणी कशी होते, हाही गणिताच्या तासाचा उत्तम विषय आहे. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, ग्राहक कांद्यासाठी जो रुपया मोजतो, त्यातील सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याच्या हाती पडतात. टोमॅटोच्या बाबतीत हा वाटा ३३ पैसे, तर बटाट्याच्या बाबतीत ३७ पैसे इतका आहे. उरलेले पैसे कोठे जातात? वाहतूक, हमाली, तोलाई, अडत, नासाडी, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्याचा नफा असे एकेक उत्तर शोधताना मुलांना साधा शेकडेवारीचा हिशेब नव्याने कळेल.

साखरेमागची मुले

श्रमाची गोष्ट साखरेइतकी स्पष्ट दुसरी कोणती वस्तू सांगत नाही. साखर उसापासून होते, हे पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असते. तो ऊस कोण तोडते, हे मात्र पुष्कळदा मोठ्यांनाही ठाऊक नसते. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड आणि मराठवाड्याच्या इतर कोरडवाहू भागांतून लाखो माणसे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. नवरा-बायकोच्या जोडीला या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल फेडण्यासाठी हे कोयते पाच-सहा महिने कारखान्याच्या परिसरात किंवा उसाच्या फडाजवळ पालात राहतात. लहान मुले मागे कोणाकडे ठेवायची, हा प्रश्न असल्याने तीही बरोबर जातात, आणि शाळेचे निम्मे वर्ष तिथेच संपते.

या मुलांसाठी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा सुरू झाल्या. पुढे मुलांनी गावातच राहावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आली. या उपायांनी काही मुले शाळेत टिकली, पुष्कळ सुटलीही. शहरातील विद्यार्थ्याला ही हकिगत सांगायची ती त्याच्या मनात अपराधाची भावना निर्माण करण्यासाठी नव्हे. त्याच्याच वयाचा, त्याच्याच इयत्तेतील एक मुलगा पहाटे उसाच्या गाडीवर बसलेला असतो आणि त्या गाडीतील उसाचा काही अंश आपल्या चहाच्या कपात येतो, हा संबंध त्याला उमगावा यासाठी. शेतीशिक्षण म्हणजे केवळ बियाणे, खत आणि पाणी नव्हे. माणसांची ओळख झाल्याशिवाय ते अपुरेच राहते.

जुना विचार, अर्धवट अंमल

शाळेत शेती शिकवावी, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळेतील अभ्यासक्रमाची मागणीच केली होती. मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरणाची तोंडओळख यांच्या बरोबरीने शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्याचे धडे असावेत, असे त्यांनी त्यात मांडले. एवढ्यावर न थांबता, शेतीच्या धड्यांना जोडून विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिक्षण देता येईल असे लहानसे नमुना शेत असावे, असेही त्यांनी सुचवले होते. ज्या काळात शाळा म्हणजे कारकून घडवण्याचे साधन मानले जात होते, त्या काळातील ही सूचना आहे. पुढच्याच वर्षी लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात अक्षरज्ञानाअभावी शेतकरी कसा नाडला जातो, याचे त्यांनी केलेले वर्णन पाहिले, की या मागणीमागचा विचार ध्यानात येतो. शेतकऱ्याला अक्षर यावे आणि अक्षर शिकणाऱ्याला शेती कळावी, असा तो दुहेरी आग्रह होता.

विसाव्या शतकात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हा विचार कृतीत आणला. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांतील मुले शेतात आणि बांधकामावर राबून आपल्या शिक्षणाचा खर्च उचलत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातूनच रूढ झाली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाच्या आधाराने सर्व विषय शिकवण्याची कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने तिचा आराखडा तयार केला. कताई-विणाईबरोबर शेतीलाही त्यात मूलोद्योगाचे स्थान होते. ठाणे जिल्ह्यात (आताच्या पालघर जिल्ह्यात) कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेने गुरांच्या कुरणात जावे, इतका साधा आणि धाडसी असा तो विचार होता.

हे सारे पुढे का टिकले नाही? बुनियादी शिक्षणाचे प्रयोग खेड्यांत झाले. शहरातील आणि सुस्थितीतील घरांच्या शाळा पूर्वीच्याच वळणावर राहिल्या. साहजिकच ‘हे शिक्षण गरिबांचे, पुस्तकी शिक्षण वरच्यांचे’ असा समज पक्का झाला. ज्या समाजात हाताने काम करणे जातीशी जोडले गेले होते, तेथे आपल्या मुलाच्या हाती पुन्हा कुदळ द्यायला कोणते आईवडील राजी होतील? १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ हा शब्द दिला, १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. परंतु वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास आठवड्याच्या शेवटी जाऊन बसला. तो गणिताच्या जादा तासासाठी वापरला जाऊ लागला, किंवा स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या वस्तू वहीत चिकटवण्यात संपला. कल्पना चुकली नव्हती. तिला वेळ आणि प्रतिष्ठा मिळाली नाही.

जिथे हे जमले

तथापि ज्या ठिकाणी वेळ आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळाली, तिथे परिणाम दिसला. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अन्नतंत्रज्ञानातील संशोधक असलेल्या कलबाग यांनी उद्योगातील नोकरी सोडून कोरडवाहू भागातील हे गाव निवडले होते. प्रत्यक्ष काम करता करता विज्ञान शिकवायचे, हे तेथील सूत्र. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा एक अभ्यासक्रम तयार झाला. त्यात अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन आणि गृह व आरोग्य असे चार विभाग आहेत. विद्यार्थी आठवड्यातील एक दिवस त्यासाठी देतात आणि तो दिवस शाळेच्या वेळापत्रकाचाच भाग असतो. माती तपासणे, रोपवाटिका करणे, कोंबड्या पाळणे आणि त्यांच्या खाद्याचा खर्च मांडणे ही कामे खरी असतात. नफा झाला की तोटा, हे हिशेबाच्या वहीत उमटते.

सेवाग्राममध्ये बंद पडलेली नई तालीमची शाळा २००५ मध्ये ‘आनंद निकेतन’ या नावाने नव्याने उभी राहिली. येथील मुले बागेत भाजी पिकवतात, स्वयंपाक करतात, सूत कातात आणि त्या कामांभोवती त्यांचे भाषा, गणित, विज्ञान गुंफले जाते. त्याच २००५ सालात जपानने अन्नशिक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. तेथील शाळांत दुपारचे जेवण हा अभ्यासाचाच भाग मानला जातो. मुले स्वतः वाढतात, आवरतात, आणि जेवणातील भाज्या कोठल्या हे त्यांना सांगितले जाते. अनेक शाळांतील विद्यार्थी दरवर्षी भातलावणी आणि कापणीसाठी खाचरात उतरतात.

आपल्याकडेही शालेय पोषण आहाराच्या निमित्ताने ही संधी दाराशी आलेली आहे. केंद्राच्या शिक्षण खात्याने २०१९ मध्ये शाळांच्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि महाराष्ट्रातील पुष्कळ जिल्हा परिषद शाळांत परसबागा उभ्या राहिल्या. पालक, मेथी, शेवगा, दोडका अशा भाज्या पिकवून त्या दुपारच्या खिचडीत किंवा आमटीत पडतात. आपण पेरलेली मेथी ताटात आली, की एरवी भाजी बाजूला सारणारे मूलही ती चाखून पाहते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. इतर देशांतील शालेय बागांच्या अभ्यासांतही साधारण असेच दिसून आले आहे. विरोधाभास असा, की ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज, त्या शहरातील खासगी शाळांत मात्र ना पोषण आहार, ना परसबाग.

शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष

शहरात जागा नाही, हे खरे. पण पीक समजून घ्यायला एकर-दोन एकर लागत नाहीत. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवाराच्या माध्यमातून थोड्या जागेतील शेतीचे शास्त्र मांडले. त्या विचाराच्या प्रेरणेने मुंबईच्या गच्च्यांवरही भाजीपाला पिकू लागला. या शतकाच्या आरंभी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडे वाढवून दाखवण्यात आली. शाळेच्या गच्चीवर, व्हरांड्यात किंवा कुंपणालगत डझनभर पोती आणि कुंड्या मावत नाहीत, अशी शाळा विरळाच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळापत्रक. महाराष्ट्रातील राज्य मंडळाच्या शाळांचे वर्ष परंपरेने जूनच्या मध्यावर, म्हणजे पावसाबरोबर सुरू होते. शाळा उघडते तेव्हा खरिपाची पेरणी असते आणि दिवाळीची सुट्टी लागते तेव्हा काढणी. सुट्टीनंतर रब्बीचे पीक उभे राहते आणि वार्षिक परीक्षेच्या आधी ते हाती येते. शाळेचे वर्ष आणि शेतीचे वर्ष जणू एकमेकांसाठीच बेतलेले आहे. त्याचा उपयोग मात्र कोणी करून घेत नाही.

खरिपासाठी भुईमूग हे वर्गात वाढवण्याजोगे सुंदर पीक आहे. जूनच्या अखेरीस पोत्यात दाणे टोचावेत. महिनाभरात पिवळी फुले येतात. फूल जमिनीच्या वर आणि शेंग जमिनीच्या खाली, हे कसे? फलधारणेनंतर फुलाच्या बुडाशी निघालेली आरी खाली वाकते, मातीत शिरते आणि तिच्या टोकाशी शेंग धरते, हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. झाड उपटल्यावर मुळांवर दिसणाऱ्या गाठी हवेतील नत्र धरून ठेवणाऱ्या जिवाणूंच्या असतात. पाठ्यपुस्तकातील एक रूक्ष परिच्छेद तिथे हातात येतो. शंभर-सव्वाशे दिवसांनंतर एका झाडाला शेंगा किती, हे मोजले की घरातील शेंगदाण्याच्या डब्याकडे पाहण्याची नजर बदलते. दिवाळीनंतर हरभरा लावावा. त्याच्या पानांवरची आंबट आंब बोटाला चाटून पाहता येते आणि फेब्रुवारीत कोवळे घाटेही खाता येतात. ज्या वर्गाला लवकर निकाल हवा, त्याने मेथी लावावी. ती महिन्याभरात तयार होते.

यात काही झाडे मरतील, काही किडीने जातील, एखादे पोते सुट्टीत पाणी न मिळाल्याने वाळेल. शिक्षकांनी हे अपयश झाकू नये. वर्गाचे पीक वाळले त्या दिवशी ‘दुष्काळ’ हा शब्द मुलांना पहिल्यांदा नीट कळतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना शाळा असावी आणि त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कसबी माणसांकडून शिकावे, अशी तरतूद आहे. हे दहा दिवस सलग घेतले तर एकही पीक त्यांत बसणार नाही. मात्र जून ते ऑक्टोबर या काळात दर बारा-तेरा दिवसांनी त्यांतील एक याप्रमाणे ते विखुरले, तर पेरणी, उगवण, विरळणी, खुरपणी, फुलोरा, कीड, काढणी, बाजार, हिशेब आणि शेवटी स्वयंपाक असे भुईमुगाचे दहा टप्पे त्यांत नेमके बसतात. यासाठी नवे पुस्तक लागत नाही, नवी परीक्षाही लागत नाही.

वडापावचा नकाशा

जिथे कुंडीलाही जागा नाही, तिथे मुलांच्या आवडीच्या वडापावापासूनही आरंभ करता येईल. वड्यातला बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, मिरचीही अमेरिका खंडातली. दोन्ही पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आल्या. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. आवरणाचे बेसन हरभऱ्याचे आणि तो महाराष्ट्रात भरपूर पिकतो. पावाचा मैदा उत्तरेकडील किंवा मध्य प्रदेशातील गव्हाचा असू शकतो. तळणीचे तेल पाम असेल, तर ते इंडोनेशिया किंवा मलेशियातून जहाजाने आलेले; भारत आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. कोरड्या चटणीतला लसूण, शेंगदाणे, खोबरे यांचा माग आणखी वेगळ्या दिशांना जातो. फळ्यावर हा नकाशा काढून झाला, की इतिहास, भूगोल, भाषा आणि अर्थशास्त्र असे चार विषय एका कागदी पुडीत सामावलेले दिसतात.

या नकाशाची पुढची पायरी म्हणजे बाजार. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या बाजार समितीत पहाटे एकदा तरी वर्ग नेला पाहिजे. गाड्या उतरताना, माल तोलला जाताना, सौदे होताना मुलांनी पाहावे. हमाल, अडत्या, गाडीवान यांच्याशी बोलावे. कृषी पर्यटन केंद्रावरील सहलीला विरोध असण्याचे कारण नाही, पण तीत शेतीचा सणासुदीचा चेहराच दिसतो. बाजाराच्या पहाटेत तिचा रोजचा चेहरा दिसतो.

खेड्यातल्या मुलाचे काय?

या विषयाची एक बाजू शहराबाहेरची आहे. खेड्यातील मुलाला शेती शिकवायची काय गरज, असे विचारले जाते. त्याला वाफसा कधी झाला हे मातीवरून कळते, गाय माजावर आली हे हंबरण्यावरून कळते. परंतु या ज्ञानाला शाळेत एकही गुण मिळत नाही. उलट ‘शिकला नाहीस तर नांगर धरावा लागेल’ ही धमकी त्याने घरी आणि वर्गात दोन्हीकडे ऐकलेली असते. पालकांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी जमीनधारणा जेमतेम १.०८ हेक्टर इतकी खाली आली होती. एवढ्या जमिनीत मुलाने अडकू नये, असे त्यांना वाटते.

म्हणूनच शेतीशिक्षणाचा उद्देश प्रत्येकाला शेतकरी करणे हा असू शकत नाही. शेती सोडून जाणाऱ्यालाही तिची लाज वाटू नये आणि तिच्यात राहणाऱ्याला ती शास्त्र म्हणून कळावी, एवढा तो माफक आहे. एखाद्या शहरी शाळेने गावातील शाळेशी वर्षभराचे नाते जोडले, एका वर्गाने दुसऱ्याला आपल्या पिकाची पत्रे लिहिली, तर त्या व्यवहारात शिक्षक गावातील मुलगा ठरतो. आपल्याला ठाऊक असलेले काही कोणाला तरी हवे आहे, हा अनुभव त्याच्यासाठी नवा असेल.

शाळेतील बागकाम शिक्षा म्हणून दिले जाणार नाही, साफसफाईचे काम ठरावीक मुलांवरच पडणार नाही, आणि शेतकऱ्याला वर्गात बोलावले तर इतर व्याख्यात्यांप्रमाणेच त्याला मानधन मिळेल, ही पथ्ये मात्र पाळावी लागतील. ती पाळली नाहीत, तर हातातील मातीबरोबर जुना तुच्छताभावही मुलांच्या मनात उतरेल.

पोत्यातल्या भुईमुगातून वर्गाला मिळणाऱ्या शेंगा मूठ-दोन मूठच असतील. त्या चाळीस जणांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला एखाद-दुसरा दाणा येईल. चार महिने पाणी घालून, तण काढून, पावसाची वाट पाहून मिळालेला तो दाणा कोणतेही मूल खाली टाकणार नाही. अन्न येते कोठून, या प्रश्नाचे उत्तर त्याने तोवर स्वतःच मिळवलेले असेल.